जाम न म्हणणारे उस्ताद

उस्तादांच्या गॅरेजात एक शब्द चालायचा नाही. कुणी गाडीवाला आत येऊन म्हणाला, "उस्ताद, मागचं चाक जाम झालंय बघा," की ते हातातला पाना खाली ठेवायचे.

"जाम बाटलीत मिळतोय. ब्रेडला लावायचा. हिकडं ब्रेड न्हाई."

"म्हंजे?"

"अडकलंय म्हण. अडकलेलं सुटतंय."

गाडीवाला "बरं, अडकलंय" म्हणेपर्यंत ते गाडीला हात लावत नसत. एका पाण्याच्या टँकरचा मालक हट्टाला पेटला होता. मी गिऱ्हाईक आहे, मला पाहिजे ते म्हणेन, असं त्याचं म्हणणं. उस्तादांनी त्याला चहा पाजला, गप्पा मारल्या, पण टँकरकडं ढुंकून पाहिलं नाही. दुपार टळल्यावर तो उठून म्हणाला, "अडकलंय हो, अडकलंय, आता तरी बघा." आणि स्वतःच हसला. उस्ताद हसले नाहीत. त्यांच्या लेखी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

बीदरकडच्या हुमनाबादच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. समोर एक कडुनिंब. पाटी नव्हती. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, मळणीयंत्र, बोअरची मोटर, ज्याला चाक किंवा दांडा आहे असं काहीही तिथं यायचं. पण येताना आधी दोन-तीन ठिकाणी मार खाऊन यायचं. दुसऱ्या मिस्त्रींनी हात टेकले की उस्तादांकडं. त्यामुळं आमच्याकडं आलेल्या प्रत्येक वस्तूवर हातोडीचे वण असत. उस्ताद त्या वणांवरून अंगठा फिरवत आणि कोणत्या गावच्या मिस्त्रीनं मारलंय ते सांगत. बहुतेक वेळा बरोबर असे.

मी तिथं लागलो तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. पुण्याकडच्या एका कारखान्यात सात वर्षं काढली होती. तिथं हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीनं नट काढायचे, एका मिनिटात किती निघाले ते फळ्यावर लिहिलं जायचं. कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात माझं नाव आलं आणि मी परत आलो. उस्तादांकडं हवेची बंदूक नव्हती. घणही नव्हता. एक छोटी पितळी हातोडी होती, यंत्रातल्या जुन्या बुशाची त्यांनी स्वतः बनवलेली, मुठीत मावेल एवढी. पहिल्याच दिवशी मी एका पान्यात पाइप घालून जोर लावला आणि बोल्टचं डोकं तोडलं. ते म्हणाले, "तुझ्या घरात मेंढरं होती न्हवं?"

"आजोबापातुर होती."

"तरीच. लोखंड मेंढरू न्हवं, हाकललं की निघालं."

ते स्वतः कुणाच्याही घरात काय होतं हे सहज बोलायचे, स्वतःच्याही. त्यांच्या गावी, ठाणाकुशनूरला, त्यांच्या आजोबांना लोहाराच्या भात्याजवळ उभं राहायची मुभा नव्हती. वडील दुसऱ्याच्या रानात राबले. घरात पहिल्यांदा पाना धरला तो ह्यांनी, आळंदच्या एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात. हे सगळं ते एखाद्या गाडीची माहिती द्यावी तसं सांगत. कुठली, किती साली, आधी कुणाकडं होती.

गाडीची माहिती मात्र ते फार खोलात जाऊन घेत. शेवटची कधी चालली? मग उभी कुठं होती? झाडाखाली का उन्हात? झाड कोणतं? पाण्यातनं गेली का, पाणी वाहतं का साचलेलं? माणसं वैतागायची. एकदा बसवकल्याणकडचा एक जण जीप ओढत घेऊन आला. उस्तादांनी विचारलं, "उभी कामून केली?"

तो म्हणाला, "घरची भानगड हाय. वाटणी व्हायची होती. तोवर दोघाही भावांनी चालवायची न्हाई असं ठरलं."

"वाटणी झाली का?"

"दोन वर्षांनी झाली."

"मग तसं म्हण की. दोन पावसाळं." आणि माझ्याकडं वळून, "चार दिवस लागतेत."

चारच दिवस लागले.

मागच्या भिंतीवर तारांनी काही तुकडे टांगलेले होते. डोकं तुटलेले बोल्ट, चिरलेली पुली, घट्ट भाग ओढून काढायच्या पुलरचं मोडलेलं नख. प्रत्येकाच्या खाली खडूनं गावाचं नाव. नवा माणूस विचारायचा, हे काय? "हे समदं मी तोडलेलं," उस्ताद सांगायचे. "लोक सर्टिफिकेट लावत्यात, माझ्याकडं हेच हाय." मी तोडलेला बोल्ट मी तिथं टांगायला गेलो तर त्यांनी अडवलं. "तुझी भिंत तू बघ कुठंतरी."

त्यांचा सगळा भरवसा कानावर होता. अडकलेल्या भागावर पितळी हातोडीनं एक टिचकी मारायची आणि ऐकायचं. घट्ट बसलेल्या लोखंडाचा आवाज बद्द येतो, सुटू लागलं की त्याला धार येते, असं ते म्हणत. पहिलं वर्षभर मला दोन्ही सारखेच ऐकू येत. त्यासाठी त्यांना शांतता लागायची, आणि मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या गॅरेजात शांतता कुठली? एकदा लग्नाची वरात चालली होती. घोड्यावर नवरदेव, पुढं बँड. उस्ताद एका ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याशी तीन दिवस बसले होते आणि त्याच घटकेला त्यांच्या कानाला काहीतरी लागलं होतं. ते तेलकट हातांनी रस्त्यावर गेले आणि बँडमास्तरसमोर उभे राहून म्हणाले, "दोन मिनिटं."

बँड थांबला. का थांबला ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित कुणीतरी मेलं असावं असं त्यांना वाटलं. वऱ्हाडी एकमेकांकडं बघायला लागले. आत येऊन उस्तादांनी एक टिचकी मारली, मान हलवली, परत बाहेर गेले. "वाजवा. बरं हाय."

दुसरा त्यांचा शब्द होता 'निधान'. मी पान्यावर जोर देऊ लागलो की मागून यायचं, "निधान, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन. आमच्याकडं एकाच वाक्यात तीन भाषा येतात, त्यामुळं ते कोणत्या भाषेतलं निधान म्हणत होते हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. तसं दोन्ही लागू पडायचं.

उन्हाळा हा त्यांचा खरा हंगाम. "बाहेरचं फुगव, आतलं आकसव," हे त्यांचं सूत्र. दांड्यावर एखादी कडी गंजून बसली असेल तर कडी तापवायची, दांडा गार करायचा; कडी हलकीशी फुगते, दांडा आकसतो, मधे केसाएवढी वाट होते आणि त्या वाटेनं तेल आत जातं. गॅसची ज्योत ते शक्यतो लावत नसत, आतली रबरं जळतात म्हणून. त्याऐवजी अख्खा भाग भर दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवत, नाहीतर गोणपाट गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतत. आणि गार करायला? रस्त्यानं आईसकांडीवाला घंटी वाजवत जायचा, त्याला हाक.

"दोन दे. एक मला, एक दांड्याला."

आईसकांडीवाल्याला आता सवय झाली होती. तो विचारायचा, "दांड्याला कोणती? संत्रा का दूध?" उस्ताद गंभीरपणे सांगायचे, "संत्रा. दूध चिकटतंय." बीदरच्या उन्हानं लोखंड किती फुगतं आणि एका आईसकांडीनं किती आकसतं, हे मला आजही सांगता येणार नाही. निघायचं मात्र.

पुढं त्यांचा कान गेला. एकदम नाही. आधी फोनवर ऐकू येईना, मग ते मलाच विचारायला लागले, "सुटलं का रे?" एका सकाळी त्यांनी टेबलावर दोन जोड ठेवले, एक घट्ट, एक ढिला, आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. "मार. एकदा ह्याला, एकदा त्याला." मी मारलं. ते म्हणाले, "पहिला ढिल्ला."

ढिला दुसरा होता. मी म्हटलं, "बरोबर."

ते वळले आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "कारखान्यात सात वर्षं होतास, पण लबाडी शिकला न्हाईस," म्हणाले. त्या महिन्यात त्यांनी गॅरेज मला सोपवलं आणि ठाणाकुशनूरला गेले. तिथं आहेत. दोन शेळ्या आहेत. मी जातो अधूनमधून. गॅरेजचं काही विचारत नाहीत.

पण उस्ताद म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं येते ती निर्णा गावच्या अक्काची गाडी. ती आली तेव्हा मला तिथं दुसरं वर्ष चालू होतं.

गाडी म्हणजे चार जाडजूड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल आणि सीट असलेली. हौशी माणसं चिखलात, दगडांवर उडवतात तसली. हैदराबादकडचं कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं, तिथून अक्काच्या मामेभावानं ती तिला आणून दिली होती. अक्का चाळिशीची. लहानपणी आलेल्या तापात तिचा डावा पाय वाळलेला. कुबडी घेऊन घरात, गल्लीत फिरायची, पण तिचं रान होतं ओढ्यापलीकडं, सगळी काळी माती. पाऊस पडला की त्या मातीत कुबडी वीतभर आत जाते आणि वर येत नाही. ह्या गाडीची रेस अंगठ्यानं दाबायची, ब्रेक हातानं, पायाला काम नाही. तीन वर्षं तिनं त्या गाडीवरून स्वतःचं रान केलं होतं. पेरणीला स्वतः हजर, खुरपणीला बायकांच्या मागं स्वतः, तूर काढायला स्वतः.

वडिलांनी जाताना ते रान तिच्या नावावर केलं होतं. धाकट्या भावाचं म्हणणं, "अक्का, तुझ्यानं व्हायचं न्हाई, मी वाट्यानं लावून देतो." गाडी चालू होती तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. आता मागचं चाक डुलायला लागलं, गाडी दारात उभी राहिली, आणि भावानं गावात सांगूनही टाकलं की ह्या पेरणीपासून अक्काचं रान वाट्यानं जाणार. एकदा वाट्यानं गेलेलं रान परत हातात घेणं किती अवघड असतं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

दुखणं साधं होतं. मागच्या दांड्याची बेअरिंग गेली होती. ती बदलायची तर दांडा बाहेर ओढायला हवा, आणि दांडा ओढायचा तर त्याच्या टोकावरचा हब, म्हणजे ज्याला चाक बोल्टांनी बसतं ती जाड लोखंडी बशी, आधी निघायला हवी. हबच्या आत आणि दांड्यावर उभे दाते असतात, एकमेकांत बसणारे. तीन पावसाळे त्या दात्यांमध्ये ओढ्याचं पाणी जाऊन गंज चढला होता. दोघं एकजीव झाले होते. आणि ती गाडी बनवणाऱ्यांनी ते मॉडेल कधीच बंद केलेलं. बेअरिंग नंबरावरून कुठंही मिळाली असती. दांडा कुठंच मिळाला नसता. दांडा गेला तर गाडी गेली.

उस्तादांनी अक्काकडं नेहमीची चौकशी केली. ओढा किती खोल, पाणी किती दिवस असतं, गाडी धुता का. तिनं प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. असं गिऱ्हाईक त्यांना क्वचित मिळे. मग डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून दात्यांवर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमेला गावी गेले. जाताना मला म्हणाले, "मी येईपातुर त्याला तेल पाज. दुसरं काय करू नको."

दोन दिवस मी तेल पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. "भावानं ट्रॅक्टर ठरवलाय. पाऊस पडला की घालतोय म्हणं रानात. कधी द्यायलात गाडी?"

मी म्हटलं, "उद्या."

असं का म्हटलं, कोण जाणे. एक तर तिची घाई खरी होती. आणि दुसरं म्हणजे मला दाखवायचं होतं. सात वर्षं मी मिनिटाला नट काढले होते, आणि इथं एका बशीपुढं तेलाची बाटली घेऊन बसलो होतो. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून मी गॅस आणला आणि दहा पौंडी घण आणला. हब तांबडालाल केला. दांड्याच्या टोकावर घण घातला. एक, दोन, तीन. चौथ्या घावाला आवाज बदलला. मी खाली वाकून पाहिलं. दांड्याचं टोक अळंबीसारखं पसरलं होतं. टोकावरचे आटे, ज्यावर हबचा नट बसतो, ते चेपून गेले होते. हब तसूभर हलला नव्हता.

उस्ताद दुसऱ्या दिवशी आले ते पांढऱ्या कपड्यांतच. दांड्याजवळ गेले, अंगठा फिरवला.

"कुणी मारलं?"

"मी."

"किती?"

"चार."

"चौथ्याला कळलं?"

"व्हय."

"पाचवा मारला न्हाईस. बरं केलास." मग पंपावर हात धुतले, हात पुसले आणि म्हणाले, "जा आता निर्ण्याला. अक्काला सांगून ये."

"फोन करतो की."

"फोनवर न्हाई. तुझं तोंड दिसू दे तिला."

निर्ण्याच्या त्या वाटेवर मी तीन वेगवेगळ्या सबबी तयार केल्या. अक्का अंगणात बसून सुपात तुरीचं बियाणं निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सबबी राहून गेल्या. ती निवडत राहिली.

"दांडा मोडला?"

"मोडला न्हाई. टोक गेलं. आटे गेले."

"मग गाडी व्हतीय का न्हाई?"

"ठाव न्हाई, अक्का."

"कामून मारलास?"

"तुमचा फोन आला, घाई व्हती म्हणून..."

"माझ्यावर ढकलू नको."

तिनं सूप खाली ठेवलं. "ती कुबडी दे हिकडं. मी येते तुझ्यासंगं. हिथं बसून भावाचं तोंड बघण्यापरीस तिथं बसून लोखंडाचं बघते."

आणि ती खरंच आली. त्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर, नंतर रोज टमटमनं. कडुनिंबाखाली तिला खुर्ची टाकून दिली. तिला कामाला लावावं असं उस्तादांना पहिल्याच दिवशी वाटलं. गोणपाटावर उकळतं पाणी ओतायचं काम माझं, बर्फाचा तुकडा फडक्यात धरून दांड्याला लावायचं काम तिचं. उस्ताद स्वतः तीनधारी कानस घेऊन बसले. आधी त्यांनी पसरलेलं टोक घासून मूळ जाडीला आणलं. मग चेपलेले आटे एकेक करून कानशीनं परत उघडायला घेतले. एका फेऱ्याला अर्धा दिवस. मी कानस मागितली. ते म्हणाले, "न्हाई." रागानं नाही, नुसतंच न्हाई.

दुसऱ्या दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. अक्कानं घरून आंबे आणले होते. तिनं उस्तादांच्या चेहऱ्याकडं बघत विचारलं, "डोळ्याला काय झालं?"

उस्तादांचा डावा डोळा पांढरट होता. त्या डोळ्यानं त्यांना दिसत नव्हतं. म्हणून ते माणसाकडं मान वळवून बघत. मी दीड-दोन वर्षं त्यांच्याबरोबर जेवत होतो, कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नसे.

"घणाचा कपरा उडाला," ते म्हणाले. "आळंदला. पुली बसली व्हती."

"कुणी मारलेला?"

"मीच."

"पुली निघाली का?"

"न्हाई."

अक्कानं मान हलवली. "माझं तापानं झालं," तिनं आपल्या पायाकडं बघून सांगितलं. "तीन दिवसांत." मग तिनं त्यांना दुसरा आंबा दिला आणि मला पहिला. त्यानंतर त्या विषयावर ती दोघं कधी बोलली नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. मी मात्र त्या दुपारनंतर शेजाऱ्याचा घण त्याला नेऊन दिला. तोवर तो आमच्याच दारामागं पडलेला होता.

आटे उघडल्यावर उस्तादांनी ट्रकच्या जाड पाट्याचा एक मोठा पुलर बनवला. पुलर म्हणजे दोन बाजूंनी हबला धरणारी नखं आणि मधे दांड्याच्या टोकाला रेटणारा स्क्रू. त्यांनी तो बसवला, ताण दिला आणि सोडून दिला. सकाळी पाव फेरा, दुपारी पाव फेरा, बाकी वेळ कुणी हात लावायचा नाही. मधल्या वेळात गरम पाणी, बर्फ, तेल. ते अधूनमधून टिचकी मारून ऐकत. पुलर लावल्याच्या चौथ्या दिवशी ढग आले. अक्का वर बघायची, मग हबकडं बघायची. एकदा ती म्हणाली, "उस्ताद, आज अर्धा फेरा दिला तर?"

"दिला तर काय व्हतंय ते ह्याला विचारा," ते माझ्याकडं बोट करून म्हणाले.

पाचव्या दिवशी दुपारी उस्ताद कडुनिंबाखाली बाजेवर झोपले होते. मी मागं चुलीवर पाणी तापवत होतो. अक्का खुर्चीवर. एकदम बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. मी भांडं टाकून धावलो. अक्का उभी राहिली होती, कुबडीशिवाय, खुर्चीच्या पाठीला धरून. "उस्ताद, मोडलं! काहीतरी मोडलं हो!"

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत. "मोडल्याचा आवाज असा नसतोय," म्हणाले. "जा रे, बघ, बोटभर पुढं आला असंल."

हब बोटभर पुढं आला होता. पुलरसकट. उरलेला मी नुसत्या हातांनी ओढून काढला. आतले दाते तांबूस भुगा सोडत होते, पण सगळे शाबूत. अक्का खाली बसली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. उस्ताद परत झोपले.

बेअरिंग कलबुर्गीहून आणली. मी जाळलेलं रबरी सीलही नवं घातलं. सगळं बसल्यावर उस्तादांनी नट घेतला आणि हातानं कापलेल्या त्या आट्यांवर बोटांनी फिरवला. तो कुठंही न अडता शेवटपर्यंत गेला.

त्याच रात्री निर्ण्याकडं पाऊस झाला, चांगला. एक दिवस उघडीप मिळाल्यावर आम्ही गाडी टेम्पोत चढवली. उस्तादही पुढं जाऊन बसले. "हातानं कापलेले आटे हायत. चिखलात काय करत्यात बघू."

ओढ्याजवळ गाडी उतरवली. अक्का बसली, अंगठा दाबला आणि पाण्यातून पलीकडं गेली. आम्ही दोघं विजारी वर करून मागून चालत निघालो. वर चढून बघतो तर रानाच्या तोंडाशीच ट्रॅक्टर उभा, मागं पेरणीयंत्र जोडलेलं. बांधावर बियाण्याची पोती. भाऊ, वाट्यानं करणारा माणूस आणि ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. अक्काची गाडी ट्रॅक्टरच्या समोर थांबली होती, अगदी नाकाला नाक.

"अक्का, आता कामून आलीस चिखलात?" भाऊ म्हणत होता. "समदं ठरलंय."

"कुणी ठरवलंय?"

"तुझी गाडी बंद हाय म्हणून मीच—"

"बंद हाय?"

"आज चालू हाय. उद्या परत पडली तर? रानाचं काय करायचं?"

"रान कुणाच्या नावावर हाय?"

भाऊ काही बोलायच्या आत उस्ताद दोघांच्या मधून चालत गेले. गाडीच्या मागं चिखलात उकिडवे बसले आणि हबवर तळहात ठेवला. ठेवूनच राहिले. वाट्यानं करणारा पोत्यावरून उठून काय चाललंय ते बघायला आला.

"थंड हाय, घासत न्हाई," उस्ताद म्हणाले. मग उभे राहून अक्काला, "आता पार त्या बांधापातुर जाऊ द्या. सरळ. जोर देऊन. मी हिथनं चाक बघतो."

"सरळ ट्रॅक्टर हाय की, उस्ताद," ड्रायव्हर वरून म्हणाला.

"मग काढ की."

त्यांना तिथलं भांडण कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. मी कधी विचारलं नाही. ते ज्या आवाजात मला "बोल्ट काढ" म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले. ड्रायव्हरनं भावाकडं पाहिलं. भाऊ त्या हबकडं बघत होता. अक्कानं अंगठा दाबला, इंजिनाचा आवाज वाढला, गाडी हातभर पुढं सरकली.

ड्रायव्हरनं मागचा गिअर टाकला आणि ट्रॅक्टर मागं सरकू लागला. उस्ताद वाकून चाकाकडंच बघत होते.